सॉफ्ट पेस्टलमध्ये सावळी कांती कशी आणायची? (आणि या वयात क्लास लावू का?)

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी ऐरोलीला राहते, बँकेतून निवृत्त. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतली इंटरमिजिएट, तीही बी ग्रेड. निवृत्तीनंतर कोळशाने चेहरे काढायला लागले आणि तिथून सॉफ्ट पेस्टलवर आले. गुरू नाही, क्लास नाही. व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, काढायचं, पुसायचं.

आता चेहरा ओळखू येतो. सोसायटीतल्या लोकांनी न विचारता नावं सांगितली, म्हणजे माझं समाधान होण्याइतपत येतो. अडतंय ते रंगात. पोर्ट्रेटची म्हणून जी पेटी घेतली तिच्यातले खडू गुलाबी, पीच, बदामी. ते लावले की आमच्या घरातली सगळी माणसं लग्नाला निघाल्यासारखी पावडर थापून बसतात. तपकिरी वाढवला तर चिखल होतो. व्हिडिओतले मास्तर इंग्लंड-अमेरिकेतले, त्यांची मॉडेलंही तिथलीच, त्यामुळे त्यांना हा प्रश्न पडतच नाही.

दोन प्रश्न. सावळी, गव्हाळ कांती कशी आणता? आणि इथवर एकटीने आल्यावर आता क्लास लावण्यात अर्थ आहे का? आमच्या ह्यांचा तिसरा प्रश्न आहे, घरातली धूळ कधी थांबणार. त्याचं उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

नेरुळी_बोका
बी ग्रेडवाल्यांना इथे मज्जाव असता तर मीच पहिला बाहेर गेलो असतो. आधी चित्र टाका! चित्राशिवाय चित्रकलेचा धागा म्हणजे पावाशिवाय मिसळ.

पाटीपेन्सिल
सोपं आहे. खडू लावून झाला की ब्रशने थोडं टर्पेंटाइन फिरवा, रंग छान एकजीव होतात. माझी मुलगी ग्रेड परीक्षेच्या सरावाला हेच करते.

तिरकी_रेघ
पाटीपेन्सिल, ते ऑइल पेस्टल. त्यात मेण आणि न वाळणारं तेल असतं म्हणून टर्पेंटाइनने विरघळतं. १९२५ मध्ये जपानच्या साकुरा कंपनीने ते शाळकरी मुलांसाठी बाजारात आणलं आणि आजही आपल्या मुलांच्या दप्तरात तेच आहे. धागाकर्तीकडे आहे ते सॉफ्ट पेस्टल, म्हणजे कोरडी रंगपूड, भर म्हणून थोडी खडूची पूड आणि ती जेमतेम धरून ठेवण्यापुरता डिंक. तेल अजिबात नाही. म्हणून तर त्याला ती मखमल येते आणि म्हणूनच ते बोटाला, साडीला, सोफ्याला लागतं.

खाडीकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. (जेजेत शिकलोय, पोटापाण्यासाठी जाहिरातीत गेलो, तेव्हा अर्धा माझा शब्द धरा.)

‘स्किन’ छापलेली पेटी आधी कपाटात टाका. पाया म्हणून यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) आणि रॉ अंबर (मातकट तपकिरी) घ्या. गालावर, नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर थोडा इंडियन रेड (विटकरी लाल). कपाळ जरा पिवळट असतं, चेहऱ्याचा मधला पट्टा तांबूस, हनुवटी आणि जबडा थंड. रोज दाढी करणाऱ्या माणसाचा जबडा तर चक्क हिरवट निळसर दिसतो, लोकलमध्ये समोर बसलेल्याकडे बघा. (टक लावून नको.)

सावलीत काळा लावू नका. काळा अधिक तपकिरी अधिक बोट, हाच तुमचा चिखल. सावलीला गडद जांभळा किंवा ऑलिव्ह हिरवा घ्या, वरून बर्न्ट सायनाच्या रेघा. डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कोपऱ्यांशी आपल्या कातडीत जो काळसरपणा असतो तो जांभळट तपकिरी आहे. लोक तो ‘डाग’ समजून गाळतात आणि मग चेहरा आपल्याकडचा राहत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, सावळ्या चेहऱ्यावरची चकाकी पांढरी नसते. खिडकीजवळ बसलेल्या माणसाच्या कपाळावर आभाळ उतरतं, तिथे फिकट निळा-राखाडी बेधडक लावा. पिवळ्या बल्बखाली तीच चकाकी नारिंगी होते. कातडीचा म्हणून एक रंग नसतोच, उजेड बदलला की तो बदलतो.

आणि बोट कमी फिरवा. घासून घासून कागदाचा दाणा (खरखरीतपणा) भरला की पुढचा थर धरत नाही. फ्रेंच चित्रकार देगाची पेस्टलं मोठी करून बघा, नुसत्या रेघांवर रेघा आहेत, मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडलंय.

नेरुळी_बोका
‘लोकलमध्ये समोर बसलेल्याकडे बघा’. ट्रान्स हार्बरला संध्याकाळी सव्वासातला समोर फक्त काख असते हो.

घोडबंदरकर
तिरकी_रेघ यांच्याशी निम्मा सहमत. रंगांची यादी दिली की नवीन माणूस ती यादी विकत घ्यायला धावतो. घोळ बहुतेक वेळा रंगात नसतो, टोनमध्ये असतो. चेहरा हिरव्या-जांभळ्यात रंगवा, गडद-फिकट नेमकं असेल तर माणूस जिवंत दिसतो. उलट महागडा बर्न्ट सायना चुकीच्या जागी पडला की गाल सुजल्यासारखा दिसतो.

पडताळा सोपा आहे. आपल्या चित्राचा फोटो काढा, ज्यावरून काढलं त्याचाही घ्या, दोन्ही फोनवर कृष्णधवल करा आणि शेजारी ठेवा. माझा अंदाज असा की तुमच्या चित्रात सावळ्या माणसाचा उजळ भाग फारच फिकट निघेल. आपण डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात पांढरेशुभ्र करतो, मग बाकीचा चेहराही त्यांच्या मागे वर ओढत नेतो. खरं तर सावलीतला डोळ्याचा पांढरा भाग बऱ्याचदा उजेडातल्या गालापेक्षा गडद असतो.

दुसरं म्हणजे कागद. पांढऱ्यावर काढत असाल तर आजच थांबवा. पांढऱ्यावर पहिला तपकिरी हात भयंकर काळा दिसतो, मग हात कचरतो. मातकट किंवा ऑलिव्ह-राखाडी कागद घ्या. कॅन्सनचा मी-तँत १६० ग्रॅमचा येतो, त्याच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, दुसरी बाजू त्यामानाने गुळगुळीत. चेहऱ्याला गुळगुळीत बाजू वापरा, नाहीतर गालावर जाळी उमटते. थर जास्त हवे असतील तर वाळू लावलेला कागद मिळतो, तो मात्र खडू खातो.

खाडीकाठ
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! घोडबंदरकर, कृष्णधवल करून बघितलं. तुमचा अंदाज बरोबर निघाला, फार बोलत नाही. कागद पांढराच होता.

बोका, चित्र टाकते पण भाचीचं आहे, तिला विचारून.

सांगतो_ऐका
क्लासबद्दल. अजिबात लावू नका! क्लासमध्ये मास्तरांच्या हाताची नक्कल शिकवतात. नौपाड्यातल्या एका क्लासचं प्रदर्शन बघितलं होतं, सगळ्यांचे गणपती एकाच साच्यातले आणि सगळ्या म्हाताऱ्यांच्या सुरकुत्याही एकसारख्या. पेस्टलचा तर इतिहासच उशिरा वळलेल्यांचा आहे. फ्रान्सचा शार्दँ आयुष्यभर भांडीकुंडी, फळं, मेलेले ससे तैलरंगात रंगवत राहिला आणि डोळे बिघडल्यावर सत्तरी ओलांडून पेस्टलकडे वळला. १७७५ मधलं त्याचं आत्मचित्र, डोक्याला फडकं, डोळ्यांवर हिरवी झापड, आज लूव्रमध्ये आहे. व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा तपकिरीच्या डब्यांवर चिमुकली चित्रं करायची, तिथून पेस्टलमध्ये आली आणि १७२० मध्ये पॅरिसच्या राजेशाही अकादमीत जाऊन बसली. वय आणि सर्टिफिकेट विसरा.

तिरकी_रेघ
उदाहरणं सुंदर, पण वकिली चुकीच्या बाजूची आहे. शार्दँ १७२८ पासून अकादमीचा सभासद होता. पेस्टल हातात घेतलं तेव्हा त्याच्या पाठीशी चाळीसहून जास्त वर्षांचं रंगकाम होतं. रोझाल्बाचा हातही त्या डब्यांवर रोज काम करून तयार झाला होता. हे लोक एकट्याने व्हिडिओ बघून शिकत नव्हते. (व्हिडिओ असते तर बघितले असते, तो भाग वेगळा.)

माझं मत असं की तंत्र एकट्याला शिकता येतं. खांद्यामागे उभं राहून ‘डावा डोळा वर गेलाय’ म्हणणारा माणूस मात्र मिळत नाही. आपलं चित्र आपण इतका वेळ बघतो की ते बरोबर दिसायला लागतं. आरशात धरून बघा, उलटं करून बघा, एवढ्याने निम्मं सापडतं. उरलेल्या निम्म्यासाठी दुसरी नजर लागते.

सांगतो_ऐका
बरं बाबा, शार्दँ मागे घेतो. गणपतींवर मात्र ठाम आहे.

जुई_कळवा
क्लासला मी गेले होते, मला उपयोग झाला. फार शिकवलं म्हणून नाही, तर तिथे माणूस समोर बसवून काढायला लावायचे म्हणून. फोटोवरून आणि समोर बसवून, यात केवढा फरक! फोनचा कॅमेरा जवळून धरला की नाक फुगतं, कान मागे पळतात. आपण इमानदारीने तेच उतरवतो आणि म्हणतो, कुठेतरी बिघडलंय. फोटोच वापरायचा तर दोन-अडीच मीटर लांब उभं राहून झूम करा, फ्लॅश बंद, एका बाजूने खिडकी. आणि फोनमधलं ते गोरं करणारं ब्यूटी फिल्टर आधी बंद करा. खाडीकाठताई, तुमच्या पीच रंगाचा निम्मा दोष कदाचित त्याचा असेल.

खाडीकाठ
फिल्टर चालूच होतं गं. भाचीच्या फोनमध्ये ते बंद करायची सोय शोधायला दोघींना बराच वेळ लागला.

चहाबिस्किट
अवांतर: एक प्रामाणिक प्रश्न. ठाण्यात मे महिन्यात पेस्टल करता तेव्हा पंखा लावता की नाही?

घोडबंदरकर
पंखा लावला की पूड उडते, बंद केला की कपाळावरचा घाम टपकन चित्रावर पडतो. पेस्टलवर पाण्याचा थेंब पडलेला कधी बघितलाय? बघू नका.

नेरुळी_बोका
म्हणजे पंखा लावला तर फुप्फुसात, नाही लावला तर चित्रात.

जुई_कळवा
हसण्यावारी नेऊ नका. काही रंगद्रव्यांत कॅडमियमसारखे जड धातू असतात. चित्रावर फुंकर मारायची सवय आधी मोडा. बोर्ड वरून थोडा आपल्याकडे झुकलेला ठेवा म्हणजे पूड गालावर न घसरता खाली पडते, तिथे कागदाची पन्हाळी करून चिकटवा. झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. मास्क लावा, तो आता सगळ्यांच्या घरात पडलेला आहेच. ताई, तुमच्या ह्यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे.

खाडीकाठ
ह्यांना वाचून दाखवलं. ओलं फडकं कोण फिरवणार, असा चौथा प्रश्न आला आहे.

चौकटवाला
ठाण्यात फ्रेमिंगचा धंदा आहे, दुकानाचं नाव सांगत नाही, जाहिरात नको. पेस्टल घेऊन येणारे निम्मे लोक चित्र गुंडाळी करून आणतात. कृपया आणू नका! वर बटर पेपर, खाली-वर पुठ्ठा, कडांना टेप, आणि आडवं धरून आणा.

काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवा, आणि माउंटच्या मागे पट्ट्या टाकून आणखी थोडं अंतर, म्हणजे झडलेली पूड माउंटवर न दिसता आत पडते. काचेऐवजी ॲक्रिलिक घेऊ नका. पुसलं की त्यावर स्थिर वीज येते आणि ते पूड ओढून घेतं, चित्रातलं नाक त्याच्यावर येतं. पावसाळा हा आपल्याकडचा खरा शत्रू. खडूतला डिंक आणि कागद दोन्ही बुरशीला आवडतात. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका, फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून घ्या म्हणजे मागून हवा खेळते.

आणि फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड धरून ठेवणारा फवारा. ते मारून मारून चित्र ‘पक्कं’ करायला जाऊ नका. गडद होतं, उजळ भाग बसतो. मधल्या थरांना हलका फवारा ठीक, शेवटच्या थरावर नको.

तिरकी_रेघ
चौकटवाले, दंडवत. शेवटच्या थरावर नको, याला +१००.

मावशीबोले
मी विषयाला जरा वळण देते. रंगाचा प्रश्न कागदावर सुटेल हो, गिऱ्हाइकाचं काय? मी ऑर्डरी घेते, आणि ‘थोडं उजळ करा ना’ हे ऐकल्याशिवाय एकही चित्र घराबाहेर गेलेलं नाही. लग्नाच्या वाढदिवसाचं जोडप्याचं चित्र असेल तर नवरा आहे तसा चालतो, बायको दोन छटा वर. एकीच्या सासूबाईंनी तर सूनबाईंना गोरं करा आणि मला आहे तशीच ठेवा म्हणून सांगितलं, त्यामागचा डाव मला अजून कळलेला नाही.

मी करून देते. त्यांचे पैसे, त्यांची भिंत.

जुई_कळवा
मी नाही करत. मग पैसेही कमी मिळतात, मान्य.

मावशीबोले
जुई, तू नोकरी करतेस म्हणून तुला परवडतं. रागावू नकोस.

जुई_कळवा
नाही रागावले. पण मावशी, माझी स्वतःची आजी घरातल्या तसबिरीत गोरीपान आहे आणि मी तिला तशी कधीच बघितलेली नाही. मला तिचा हात आठवतो, सांडगे घालतानाचा. तो रंग त्या तसबिरीत कुठेच नाही. माझ्या मुलीला आता तीच आजी खरी वाटते.

घोडबंदरकर
यात आणखी एक गंमत आहे. गेलेल्या माणसांची चित्रं जुन्या कृष्णधवल फोटोवरून मागतात. त्या फोटोवर विसंबू नका. स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा साफ आणि उजळ करायचे, तो धंद्याचाच भाग होता. उलट, फारच जुना फोटो असेल तर तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे तपकिरी कातडी आणि ओठ होते त्याहून काळे यायचे. म्हणजे तोच माणूस एका फोटोत गोरा, दुसऱ्यात काळा, आणि दोन्ही खोटे.

माझ्याकडे एका घरातले तीन भाऊ वडिलांचा फोटो घेऊन आले होते. वडील सावळे होते की निमगोरे, यावर तिघांची तीन मतं. चहा झाला, भांडण झालं, चौथं मत फोनवरून आत्याचं आलं. शेवटी धाकट्याला म्हटलं, तुझा हात दे. खिडकीत त्याचा हात धरून रंग ठरवला. आत्या म्हणाल्या, अगदी दादा.

नेरुळी_बोका
हा प्रतिसाद आवडला. पोस्टर करून लावा कुठेतरी.

सांगतो_ऐका
समोर बसवण्यावरून आठवलं. हळदणकरांची ती हातात समई घेतलेली बाई, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली. कित्येक जण ते रविवर्म्याचं समजतात. जलरंग आहे, पेस्टल नव्हे, पण बोटांमधून झिरपणारा तो तांबडा उजेड बघा. स्वतःच्या मुलीला उभं करून काढलंय. आणि आपले वासुदेव कामत, त्यांना २००६ मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं मोठं बक्षीस मिळालं ते पत्नीच्या चित्राला. घरच्यांना बसवा, फुकट असतात.

मावशीबोले
फुकट? आमच्याकडे एकदा बसवलं की महिनाभर ऐकवतात.

खाडीकाठ
मंडळी, आठवडाभर गप्प होते कारण हात काळे-निळे होते. सांगते काय झालं ते.

मातकट कागद आणला. सुटे खडू फोर्टात जाऊन बघून घेतले, ऑकर, बर्न्ट सायना, एक गडद जांभळा आणि तो निळसर राखाडी. मॉडेल म्हणून जाऊबाईंना खिडकीत बसवलं. नुसत्या बसेनात, म्हणून मटार सोलायला दिले. मान खाली, हात चालू, चेहरा स्थिर. ही युक्ती कुठल्या व्हिडिओत नाही, वापरा खुशाल.

पहिला जांभळा लावताना हात थरथरत होता. कपाळावर निळा लावला आणि वाटलं, संपलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. मग उठून मागे दाराशी गेले, डोळे बारीक करून बघितलं, आणि निळा दिसेचना. नुसतं चकाकतं कपाळ दिसत होतं. बोट एकदाही फिरवलं नाही असं म्हणणार नाही, हनुवटीवर फिरवलं, आणि तेवढीच जागा मेलेली आहे.

जाऊबाई बघून म्हणाल्या, “मी एवढी काळी आहे?” मी काही बोलायच्या आत ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, “वहिनी, तुम्ही अशाच दिसता. आधीच्या चित्रात कोण होती कुणास ठाऊक.” जाऊबाईंनी फोटो काढून लेकीला पाठवला. घरी नेणार का, विचारलं तर अजून ठरवलेलं नाही.

मावशीबोले, ऑर्डरी घ्यायची हिंमत अजून नाही, पण घेतल्याच तर मी जुईच्या बाजूला आहे. मला पेन्शन आहे म्हणून हे म्हणणं सोपं, हेही कळतं.

क्लासचं म्हणाल तर तिरकी_रेघ यांचं खांद्यामागच्या माणसाचं म्हणणं पटलं. क्लास लावत नाही. पण ऐरोली, ठाणे, कळवा, नेरूळ पट्ट्यातले कोणी महिन्यातून एकदा भेटून एकमेकांचे डावे डोळे तपासणार असतील तर मी येईन.

तिरकी_रेघ
चित्र बघितलं. उजवा कान खाली गेलाय. बाकी, जांभळा तिथेच राहू द्या, हात लावू नका.

जुई_कळवा
मी येणार. उपवनला सकाळी भेटूया? तळ्याकाठी सावली असते, बसायला कट्टा आहे.

घोडबंदरकर
सकाळी सातला. आठनंतर ऊन डोक्यावर येतं आणि टोन सपाट होतात.

नेरुळी_बोका
नेरूळहून सातला उपवन म्हणजे मला पहाटे उठवताय. येतो, पण मॉडेल म्हणून. मला रंग लावायचे असतील तसे लावा, फक्त पोट दोन छटा आत घ्या.

मावशीबोले
पोट आत घ्यायचे वेगळे पैसे लागतील.

चौकटवाला
रविवार असेल तर मीही येतो. आणि खाडीकाठताई, जाऊबाईंचं ठरेपर्यंत चित्र फ्रिजवर उभं ठेवलंय असं फोटोत दिसतंय. ते आधी तिथून काढा.